प्रार्थनागृहातली कलाशाळा : सेंट लुइसच्या 'कोका'ची हकिगत

संस्थेचा इतिहास लिहायला बसलं की पहिली ओळ ठरलेली असते : अमुक साली अमुक मंडळींनी एकत्र येऊन मुहूर्तमेढ रोवली. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या 'कोका'बद्दल ही ओळ लिहिता येते, पण तेवढ्याने भागत नाही. संस्था 1986 ची आणि ती जिथे भरते ती वास्तू 1950 ची. मधल्या छत्तीस वर्षांचा इतिहास दुसऱ्याच संस्थेचा आहे. 'बनाय अमूना' या ज्यू जमातीने स्वतःसाठी बांधलेलं हे सिनेगॉग; त्यांच्या प्रार्थना, लग्नं, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, सणांची जेवणं हे सगळं इथेच व्हायचं. आज त्याच आवारात बॅले, जॅझ, नाटक, गायन आणि चित्रकला शिकवली जाते. 'सेंटर ऑफ क्रिएटिव्ह आर्ट्स' या नावाच्या आद्याक्षरांवरून कोका. आरंभीच्या नावात 'क्रिएटिव्ह'च्या जागी 'कंटेम्पररी' होतं. संस्था मोठी झाली, लहान मुलांची गर्दी वाढली आणि नाव थोडं सैल झालं.

ठिकाण : ट्रिनिटी अव्हेन्यू, युनिव्हर्सिटी सिटी. नावात विद्यापीठ असलं तरी गाव विद्यापीठाचं नव्हे. सेंट लुइस शहराच्या पश्चिम हद्दीला लागून वसलेली ही वेगळी नगरपालिका, आणि तिचा संस्थापक मासिकं काढणारा एक हुन्नरी माणूस. एडवर्ड गार्डनर लुइस त्याचं नाव. स्त्रियांसाठीच्या स्वस्त मासिकाचा खप त्याने लाखांवर नेला, त्या पैशांतून विसाव्या शतकाच्या आरंभी इथे माळरान घेतलं, अष्टकोनी मनोऱ्यासारखं छापखान्याचं मुख्यालय उठवलं आणि भोवती गावच वसवलं. तो मनोरा आज नगरपालिकेची कचेरी आहे. त्याच्या शेजारी उंच खांबांवर वाघसिंहांचे पुतळे बसवलेले आहेत.

या लुइसला कलेचं वेड होतं, किंवा कलेतून धंदा निघेल अशी खात्री होती. त्याच्या बाबतीत दोन्हींत फरक करणं अवघडच. त्याने टपालाने शिक्षण देणारी एक संस्था काढली आणि तिच्याबरोबर कला अकादमी. फ्रान्समधून ताक्सिल दोआ हा चिनी मातीच्या कामाचा उस्ताद आणला, न्यूयॉर्क राज्यातून अ‍ॅडलेड रॉबिनो या कुंभकलावतीला बोलावलं. रॉबिनोबाईंनी 1910 साली इथे घडवलेलं पोर्सेलीनचं एक भांडं अमेरिकन कलेच्या इतिहासात 'स्कॅरब व्हाज' म्हणून ओळखलं जातं. अंगभर कोरलेल्या शेणकिड्यांच्या नक्षीला हजार तास लागले असं सांगतात. पहिल्या भाजणीत भांड्याला तडे गेले. बाईंनी ते बुजवून पुन्हा भट्टीत घातलं आणि पुढच्याच वर्षी इटलीतल्या तुरिनच्या प्रदर्शनात त्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळालं. लुइस मात्र कर्जात बुडाला, कॅलिफोर्नियाला निघून गेला, अकादमी मोडली. म्हणजे या गावात कलाशाळा ही काही 1986 ची नवी कल्पना नव्हती. ती एकदा येऊन, बहरून, दिवाळं काढून गेलेली होती.

'बनाय अमूना' म्हणजे श्रद्धेची लेकरं. जमात 1880 च्या दशकातली. सुरुवातीला सनातनी, पुढे सुधारक आणि सनातनी यांच्या मधल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथात आलेली. मिसिसिपीच्या काठाजवळच्या जुन्या वस्तीतून सेंट लुइसचे ज्यू हळूहळू पश्चिमेकडे सरकत गेले. हातात थोडा पैसा आला की घर थोडं पश्चिमेला, आणि घरांच्या मागोमाग सिनेगॉग. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, वाहन वापरायचं नाही असा दंडक. प्रार्थनेला पायी जायचं तर प्रार्थनागृह चालण्याच्या अंतरावर हवंच. रॅबाय अब्राहम हॅल्पर्न यांनी या जमातीचं धुरीणत्व चार दशकांहून अधिक काळ सांभाळलं. युनिव्हर्सिटी सिटीत जागा घेऊन नवी वास्तू बांधायचा घाट त्यांच्याच कारकिर्दीतला.

जागा घेणं एक आणि ती कुणाच्या हाती द्यावी हे ठरवणं दुसरं. त्या काळी अमेरिकेतली बहुतेक सिनेगॉगं मूर किंवा बायझंटाइन धर्तीवर, नाहीतर ग्रीक देवळासारखी खांबांची बांधली जात. ट्रिनिटी अव्हेन्यूवरच, अगदी शेजारी, 'शारे एमेथ' या सुधारक पंथाच्या जमातीचं मोठं सिनेगॉग आधीपासून उभं होतं. त्याच्याशी बरोबरी करायची तर त्याच्यासारखंच काही बांधलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. बनाय अमूनाच्या मंडळींनी मात्र एरिख मेंडेलसोनला बोलावलं. अमेरिकेत अजून एकही सिनेगॉग न बांधलेल्या, जेमतेम चार-पाच वर्षांपूर्वी देशात आलेल्या, एका डोळ्याची दृष्टी गेलेल्या साठीच्या घरातल्या माणसाला. मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत धाडसाचा निर्णय हाच वाटतो. इमारत वाचवणाऱ्यांचं कौतुक पुढे पुष्कळ झालं, आणि ते रास्तही आहे. पण वाचवण्याजोगी इमारत मागणाऱ्या त्या कमिटीचं नाव कुणी घेत नाही.

मेंडेलसोन 1887 साली पूर्व प्रशियातल्या आलेनस्टाइनमध्ये जन्मला. आज ते पोलंडमधलं ओल्श्तिन. पहिल्या महायुद्धात खंदकात बसून त्याने कागदाच्या इवल्याशा तुकड्यांवर इमारतींची स्केचेस काढली : कारखाने, वेधशाळा, रेल्वे स्थानकं, सगळी जणू वाऱ्याने वाकवलेली. युद्धानंतर त्यांतलंच एक स्वप्न पॉट्सडॅमला उभं राहिलं, आइन्स्टाइन टॉवर. सापेक्षतावादाच्या कसोट्या घेण्यासाठी बांधलेली ही सौरवेधशाळा आजही पाठ्यपुस्तकांत छापली जाते. पुढच्या दशकात तो जर्मनीतल्या सर्वांत व्यग्र वास्तुरचनाकारांपैकी एक झाला. लुकेनवाल्डचा टोप्यांचा कारखाना, शॉकेन कुटुंबाची न्यूरेम्बर्ग, स्टुटगार्ट आणि केमनिट्सची मोठी दुकानं, बर्लिनचं युनिव्हर्सुम सिनेमागृह. काचेचे आडवे पट्टे गोलाईने कोपऱ्यावरून वळवायचे ही त्याची सही. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारतींचे गोल कोपरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या लाटेचा दूरचा शिडकावा ओळखीचा वाटेल.

1933 साली हिटलर आला आणि मेंडेलसोनने त्याच मार्चमध्ये जर्मनी सोडली. बर्लिनच्या तळ्याकाठी स्वतःसाठी बांधलेलं, तीन वर्षंही धड न वापरलेलं घर मागे राहिलं. इंग्लंडमध्ये सर्ज चेरमायेफबरोबर त्याने बेक्सहिलच्या समुद्रकिनाऱ्यावरचं डी ला वॉर पॅव्हिलियन बांधलं, पॅलेस्टाइनमध्ये वाइझमन यांचं घर आणि माउंट स्कोपसवरचं हदासा इस्पितळ, आणि 1941 साली तो अमेरिकेत पोचला. इथे पहिल्या काही वर्षांत त्याच्या वाट्याला आलेलं एक काम विलक्षण कडू होतं. युटाच्या वाळवंटात अमेरिकन लष्कराने आगलावे बॉम्ब तपासण्यासाठी बर्लिनच्या कामगार चाळींच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या. बर्लिनच्या घरांची लाकडं, छतं, आतलं सामान कसं असतं हे सांगायला जे तज्ज्ञ नेमले त्यांत मेंडेलसोन होता. जाळण्यासाठी घरं बांधून झाल्यावर त्याच्याकडे प्रार्थनेची घरं बांधण्याचं काम आलं, आणि त्यातलं पहिलं बनाय अमूनाचं.

ज्या लाटेने तो अमेरिकेला लागला तिनेच काही माणसं मुंबईलाही आणून सोडली होती. व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपला या तिघांनी घरं उघडी केली, चित्रं विकत घेतली, वर्तमानपत्रांतून बाजू मांडली. हिटलरने घालवून दिलेल्या माणसांनी कुठे कुठे कलेची घरं उभी केली याचा हिशेब कधी कुणी मांडला तर सेंट लुइस आणि मुंबई त्यात जवळजवळच्या पानांवर येतील.

आता इमारतीकडे. बांधकाम 1946 ते 1950. मेंडेलसोनचा सिनेगॉगबद्दलचा विचार साधा होता आणि त्याने तो 1947 साली 'कॉमेंटरी' मासिकात लिहूनही मांडला : नव्या काळाचं प्रार्थनागृह जुन्या शैलींच्या उसन्या अंगरख्यात शोभणार नाही. अमेरिकेतल्या जमातीचं जगणं त्याने तीन भागांत पाहिलं. देवाचं घर, मोठ्यांनी जमायचं सभागृह आणि मुलांची शाळा. तीन गरजा, तीन जागा, आणि तिन्हींना बांधून ठेवणारा मधला चौक. आपल्याकडच्या वाड्याला चौकाचं जे काम असतं तेच इथे : उजेड आत घेणं, येणाऱ्याजाणाऱ्याला वळण देणं आणि पोरांना पळायला जागा देणं.

बाहेरून नजर खिळते ती छतावर. मुख्य दालनाचं छत एका बाजूला खाली सुरू होतं आणि लांब वक्र रेषेत चढत, भिंतीची हद्द ओलांडून, आधाराविना पुढे झेपावतं. त्या उंच गेलेल्या छताखाली काचांची रांग आहे. तिच्यातून वरचा उजेड आत उतरतो. खंदकातल्या स्केचेसमधली वाकलेली रेष पस्तीस वर्षांनी मिसुरीत विटा आणि काँक्रीट होऊन आली म्हणायची. पण माझ्या मते इमारतीचं खरं शहाणपण या छतात नाही, आतल्या दुमडत्या भिंतींत आहे. कुठल्याही सिनेगॉगची एक जुनी डोकेदुखी असते. वर्षभर शनिवारी माणसं ठरावीक, आणि रोश हशाना नि योम किप्पूर या दोन सणांना तोबा गर्दी. (हाच योम किप्पूर आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचा 'दारफाळणीचा सण'.) सणाच्या गर्दीसाठी दालन मोठं बांधावं तर वर्षभर ते रिकामं वाटतं, नेहमीच्या माणसांपुरतं बांधावं तर सणाला लोक रस्त्यावर. मेंडेलसोनने मुख्य दालन, त्याच्यापुढची ओसरीवजा मोकळी जागा आणि सभागृह ही तिन्ही एका ओळीत घेतली आणि मध्ये सरकवता-दुमडता येणारी पार्टिशनं टाकली. सणाला पार्टिशनं बाजूला केली की तीन खोल्यांचं एक लांबच लांब दालन. सण सरला की पुन्हा तीन खोल्या, एकीत प्रार्थना, दुसरीत लग्नाची पंगत.

हीच योजना त्याने नंतर इतर शहरांतही थोड्याफार फरकाने वापरली. क्लीव्हलँडचं पार्क सिनेगॉग आकाराने याहून भव्य, शंभर फूट व्यासाचा घुमट असलेलं. ग्रँड रॅपिड्स आणि सेंट पॉल इथलीही दोन त्याचीच, त्यांतलं सेंट पॉलचं त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झालं. तो 1953 साली सान फ्रान्सिस्कोत वारला. म्हणजे सेंट लुइसची वास्तू ही त्याच्या शेवटच्या पर्वाची सुरुवात, आणि पुरी झालेली पाहायला मिळालेल्या थोड्या अमेरिकन कामांपैकी एक.

योगायोग असा की ज्या 1950 साली इमारत पुरी झाली त्याच वर्षी कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने शब्बाथला सिनेगॉगपर्यंत मोटारीने यायला परवानगी दिली. या निर्णयाने चालण्याचं अंतर हा जुना दोर कापला. आता माणूस दहा मैलांवर राहूनही त्याच सिनेगॉगचा सभासद राहू शकत होता. आणि माणसं दहा मैलांवर जाऊन राहू लागलीच. 1948 साली सेंट लुइसच्याच 'शेली विरुद्ध क्रेमर' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना घर विकायला बंदी करणारे खासगी करार न्यायालयांतून राबवता येणार नाहीत असं ठरवलं होतं. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत शहराची वस्ती वेगाने हलली. कृष्णवर्णीय कुटुंबं पश्चिमेकडे आली, गोरी कुटुंबं त्याहून पश्चिमेला निघून गेली, ज्यूही त्यांत होते. बनाय अमूनाच्या सभासदांचा मध्यबिंदू युनिव्हर्सिटी सिटीतून निसटला आणि 1980 च्या दशकात जमातीने क्रीव्ह कूर भागात मेसन रोडवर नवी वास्तू घेतली. शेजारचं शारे एमेथ त्याच्या आधीच हललं होतं.

सिनेगॉग विकावं का, आणि विकलं तर पुढे त्याचं काय करावं, यावर ज्यू धर्मशास्त्राने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी विचार करून ठेवला आहे. मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेच्या मगिल्ला या भागात पवित्रतेची उतरंड दिलेली आहे : गावचा चौक, त्याच्या वर सिनेगॉग, त्याच्या वर तोरा हा धर्मग्रंथ ठेवायचं कपाट, मग तिची वस्त्रं, मग इतर ग्रंथ, आणि सर्वांत वर तोरा. खालचं विकून वरचं घ्यावं, वरचं विकून खालचं घेऊ नये. विकलेल्या जागेच्या वापराबद्दलही तिथे चर्चा आहे आणि काही वापर नावं घेऊन वगळले आहेत, न्हाणीघर आणि चामडी कमावण्याचा कारखाना त्यांत येतात. नृत्यशाळेचं नाव त्या यादीत नाही. रायगड जिल्ह्यातल्या गावोगावच्या सिनेगॉगांपुढे, मंडळी इस्रायलला गेल्यापासून, हाच प्रश्न उभा आहे. तिथे विकत घ्यायला कुणी कलाशाळा आलेली नाही, एवढाच फरक.

1984 साली वास्तूची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. या यादीत यायला साधारणपणे वयाची पन्नाशी लागते. बनाय अमूनाची इमारत तेव्हा चौतीस वर्षांची होती. असाधारण महत्त्व सिद्ध केल्याशिवाय असा अपवाद होत नाही. मात्र वाचकांचा एक गैरसमज इथे दूर करायला हवा. या यादीत नाव आलं म्हणजे इमारत पाडता येत नाही असं नाही. मालक खासगी असेल आणि स्वतःच्या पैशाने पाडणार असेल तर यादी त्याचा हात धरत नाही. नोंद हा मान आहे, कवच नव्हे. सेंट लुइसकरांना आधुनिक वास्तूंच्या आयुष्याची खात्री नव्हती याचं कारणही ताजं होतं. याच शहरात मिनोरु यामासाकीने बांधलेली प्रुइट-आयगो ही अकरा मजली तेहतीस इमारतींची सरकारी वसाहत 1950 च्या दशकात मोठ्या कौतुकाने उभी राहिली आणि 1972 पासून सुरुंग लावून पाडली गेली. वास्तुकलेच्या पुस्तकांनी त्या धुरळ्याचे फोटो आधुनिकतेच्या मृत्यूचा दाखला म्हणून छापले.

इथे रिचर्ड बॅरन या माणसाची गाठ पडते. 1969 साली सेंट लुइसच्या सरकारी वसाहतींतल्या भाडेकरूंनी भाडं न देण्याचा संप केला. देशातला अशा प्रकारचा तो फार मोठा लढा मानतात. कित्येक महिने चाललेल्या त्या संपात भाडेकरूंच्या बाजूने उभा राहिलेला कायदेशीर मदत केंद्राचा तरुण वकील म्हणजे बॅरन. पुढे टेरी मॅककॉर्मकबरोबर त्याने 1973 साली बांधकाम व्यवसाय सुरू केला, तोही गरीब आणि मध्यमवर्गीय एकत्र राहतील अशा वस्त्या उभारण्याचा. प्रुइट-आयगो कशामुळे मोडली हे त्याने भाडेकरूंच्या तोंडून ऐकलेलं होतं : देखभालीला पैसा नाही, आणि जे तिथे राहतात त्यांना विचारायचं नाही. बनाय अमूनाची रिकामी होणारी इमारत याच माणसाच्या नजरेस पडली आणि 1986 साली कोका सुरू झाली ती प्रामुख्याने त्याच्या पुढाकारातून. इमारत घेऊन तिथे दुकानं काढायचा किंवा ती पाडून घरं बांधायचा हिशेब त्याला येत नव्हता असं कोण म्हणेल; तो त्याचा धंदाच होता. त्याने निवड वेगळी केली.

कलाशाळेसाठी सिनेगॉग हा विचार तेव्हा अगदीच अनोळखी नव्हता. पलीकडचं शारे एमेथ जमात हलल्यावर संगीत आणि कलाशिक्षणाच्या एका संस्थेकडे गेलं होतं; आज तिथे वॉशिंग्टन विद्यापीठाचं '560 म्युझिक सेंटर' आहे, हजारावर आसनांच्या मैफलीच्या दालनासह. एकाच रस्त्यावरची लगतची दोन सिनेगॉगं, दोन्ही दशकभरात रिकामी झालेली आणि दोन्ही कलेकडे गेलेली. असं दुसरं शहर मला तरी सांगता येणार नाही. लुइसची जुनी अकादमी इथून हाकेच्या अंतरावर होती हे लक्षात घेतलं तर गावाच्या मातीतच हे असावं असं म्हणायचा मोह होतो. मोह आवरून सांगायचं तर कारणं रोकडी आहेत : मोठी दालनं, चांगला आवाज, आणि वर्गखोल्यांची आयती सोय.

कोकाचं काम सोपं केलं ते मेंडेलसोनच्या तीन भागांनी. मुख्य दालनाचं नाट्यगृह झालं. धर्मशिक्षणाच्या वर्गांत चित्रकला, नाटक, संगीत बसलं. नृत्याला लागतं काय? खांब नसलेली रुंद जमीन, उंच छत, भरपूर उजेड. सणाच्या गर्दीसाठी केलेल्या मोकळ्या जागा या मापात चपखल बसल्या. लाकडी पट्ट्यांची उसळती जमीन, भिंतीला बॅलेची दांडी आणि आरसे एवढं घातलं की स्टुडिओ तयार. एका दालनात प्रदर्शनाची गॅलरी झाली, मिलस्टोन कुटुंबाच्या नावाने. नवीन मालकाला जुन्या मालकाचं घर अंगाला बसलं असं सहसा होत नाही. मोठ्या मंदिराच्या, थिएटरच्या, गिरणीच्या इमारतींत शाळा घालणाऱ्यांना विचारा, किती भिंती फोडाव्या लागतात ते.

नृत्यविभागाने संस्थेला नाव दिलं. ली नोल्टिंग यांनी तो घडवला आणि वर्षानुवर्षं चालवला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत अँटोनियो डूथिट हा सेंट लुइसचाच मुलगा होता. लहानपणी बेघरपणही पाहिलेला. नृत्याचं शिक्षण त्याने सोळाव्या वर्षी सुरू केलं. बॅलेच्या हिशेबात सोळा म्हणजे फारच उशीर, तोवर मुली-मुलं दशकभर घाम गाळून झालेली असतात. तरीही तो हार्लेमच्या डान्स थिएटरमध्ये गेला आणि तिथून अ‍ॅल्विन एलीच्या कंपनीत. एलीची कंपनी म्हणजे आधुनिक नृत्यातली अमेरिकेची पहिल्या रांगेतली मंडळी. तिथे तो अनेक वर्षं नाचला. 2015 साली तो आणि त्याचा जोडीदार कर्व्हन डूथिट-बॉइड, तोही एलीचाच नर्तक, यांनी न्यूयॉर्क सोडलं आणि दोघं कोकाच्या नृत्यविभागाचे कलादिग्दर्शक म्हणून सेंट लुइसला आले. शाळेचा विद्यार्थी नाव कमावून परत येऊन त्याच शाळेचा गुरू होतो, याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या संस्थेला मिळायचं?

संस्थेच्या वार्षिक अहवालात जिचं छायाचित्र फारसं देखणं येत नाही अशी एक बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. युनिव्हर्सिटी सिटीतून जाणारा डेलमार हा मोठा रस्ता सेंट लुइस शहरात शिरला की सरहद्द होतो : उत्तरेला बहुतांश कृष्णवर्णीय आणि गरीब वस्ती, दक्षिणेला गोरी आणि सुस्थित. कोका या रस्त्याच्या अगदी जवळ आहे. फी भरून येणाऱ्या मुलांवर शाळा चालली असती, चांगली चालली असती. पण संस्थेने शहरी शाळांत जाऊन शिकवण्याचा आणि हुशार पण पैशाने अडलेल्या मुलांना शिष्यवृत्तीवर प्रशिक्षण देण्याचा उपक्रम लावून धरला. भाडेसंपाचा वकील संस्थापक असल्याची खूण मला तिथे दिसते.

इमारतीला वाढीची गरज पडलीच. 2018 ते 2020 या काळात कोकाने मूळ वास्तूला जोडून नवा भाग बांधला. आराखडा 'अ‍ॅक्सिओम' या सेंट लुइसच्याच वास्तुरचनाकार द्वयीचा, क्रिस्टनर या जुन्या फर्मबरोबर. त्यात सुमारे साडेचारशे आसनांचं कॅथरिन बर्गेस थिएटर, नवे स्टुडिओ आणि मोटारींचा बहुमजली तळ. 1950 च्या इमारतीशेजारी 2020 ची इमारत ठेवणं नाजूक काम. नव्याने जुन्याची नक्कल केली तर फसवणूक, ओरडून वेगळेपणा दाखवला तर उर्मटपणा. माझ्या मते रचनाकारांनी बहुतेक ठिकाणी तोल सांभाळला आहे. मुख्य लाभ हा की मोठ्या प्रयोगांचा भार नव्या थिएटरवर गेल्याने जुन्या दालनाच्या गळ्यातलं लोढणं उतरलं. काम पुरं होता होता कोविड आला आणि नवं थिएटर तयार असून प्रेक्षक नाहीत अशी अवस्था काही काळ राहिली. पण ती अवस्था त्या वर्षी साऱ्या जगाचीच होती.

मेंडेलसोनच्या बाकीच्या इमारतींचं काय झालं हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याने सर्वांत आधी, विद्यार्थिदशा संपता संपता, आपल्या जन्मगावी ज्यू दफनभूमीतलं अंत्यसंस्काराचं घर बांधलं होतं. गावात ज्यू उरले नाहीत, ते दशकानुदशकं पडीक राहिलं आणि पोलंडमधल्या एका संस्थेने दुरुस्त करून त्याचं संस्कृतिकेंद्र केलं. केमनिट्सचं दुकान आता पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. बर्लिनच्या सिनेमागृहात 1981 पासून शाउब्यूने ही नामांकित नाटकमंडळी आहे. स्टुटगार्टचं दुकान मात्र शहराने 1960 साली, जगभरातून निषेध होऊनही, पाडलं. त्याच्या जागी जे आलं ते पाहायला कुणी मुद्दाम जात नाही.

सेंट पॉल आणि ग्रँड रॅपिड्सच्या वास्तूंत प्रार्थना चालू आहेत. सेंट लुइसला जाणारी मराठी मंडळी सहसा नदीकाठची ती भली मोठी कमान पाहतात, फार तर तिच्या टोकावर चढून येतात. तासभर वेळ काढून डेलमार रस्त्याने युनिव्हर्सिटी सिटीपर्यंत यावं. कोका ही चालती शाळा आहे, संग्रहालय नव्हे. तेव्हा दुपारनंतर मुलांची वर्दळ असेल, आत शिरण्याआधी स्वागतकक्षात विचारावं. छत पाहायला परवानगी लागत नाही, ते रस्त्यावरूनच दिसतं. सोबत दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर उन्हाळी शिबिरांचं माहितीपत्रक तिथून जरूर घ्यावं.